नऊ महिने, एक कार्ड आणि वाचनालयातील डीव्हीडीचे कपाट

न्यू जर्सीत राहायला आल्यावर गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्ड काढले ते मुलीच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी. पण गेल्या नऊ महिन्यांत त्या कार्डावर पुस्तकांपेक्षा चित्रपटच अधिक घरी आले. कार्ड विनामूल्य आहे, डिस्क आठवडाभर ठेवता येते, आणि आमच्या शाखेत नसलेली डिस्क होल्ड टाकून शेजारच्या गावातून मागवता येते. घरी स्ट्रीमिंग असताना हा खटाटोप कशाला, असे नवऱ्याने विचारले होते. स्ट्रीमिंगच्या यादीत टाकलेला चित्रपट माझ्याकडून यादीतच राहतो. डिस्क मात्र मंगळवारी परत द्यायची असल्यामुळे सोमवारी रात्री का होईना, पाहिली जाते.

सर्वप्रथम सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी घ्यावी, आणि तीही पूर्ण संचच. या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळल्या होत्या. त्यांतले जे वाचले ते इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत दुरुस्त करून, उरलेले इतर प्रतींवरून भरून २०१५ मध्ये नवी प्रत तयार झाली. त्या दुरुस्तीवरचा छोटा कार्यक्रमही संचात आहे, तो आधी पाहावा. दूरदर्शनवर पाहिलेला ‘पथेर पांचाली’ (१९५५) मला करड्या धुक्यासारखा आठवत होता. येथे काशफुलांचा तुरान् तुरा वेगळा दिसतो. मात्र आमच्या संचातील ‘अपूर संसार’ चाळिसाव्या मिनिटाला अडकला आणि दुसरी प्रत यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून मी काउंटरवरच डिस्क उलटी करून उजेडात धरते आणि ओरखडा असेल तर तिथेच सांगते, नाहीतर तो आपल्या नावावर पडतो.

यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) आई साताऱ्याहून आली असताना आणला. ओनोमिचीहून वृद्ध आईवडील टोकियोतल्या मुलांकडे येतात, आणि कामात गढलेली मुले त्यांना अतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात. आई खाली बसून मेथी निवडत होती, मी इंग्रजी सबटायटल्स मराठीत वाचून दाखवत होते. अतामीचा प्रसंग आला तेव्हा ती म्हणाली, “फिरायला कसले गं, घरात अडचण होतेय म्हणून पाठवलंय.” त्यानंतर मेथीची जुडी तशीच राहिली. ओझूंचा कॅमेरा बहुतेक वेळा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो, त्यामुळे हा चित्रपट सोफ्यापेक्षा सतरंजीवर बसून पाहावा, असे माझे गमतीचे पण ठाम मत आहे.

वेळ थोडा असेल तर इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) घ्यावा. तो दीड तासात संपतो.

मराठी चित्रपट मात्र जवळजवळ नाहीतच. खरेदीच्या विनंतीचा अर्ज भरून मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) सुचवला आणि तो दोन महिन्यांनी कपाटात आलाही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटला ज्या कंटाळवाण्या, तारखांमागून तारखांच्या गतीने त्यात चालतो, ती गती अमेरिकन शेजारणीलाही खटकली नाही, उलट ओळखीची वाटली. चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत. डिस्कच्या चिठ्ठीवर मात्र केवळ ‘हिंदी’ छापले आहे. दोनदा काउंटरवर सांगितले, दोन्ही वेळा हसून टिपून घेतले गेले. चिठ्ठी अजून तीच आहे.