‘टेन्शन नका घेऊ मॅडम’ म्हणणाऱ्या एजंटने आमची डिस्नी ट्रिप कशी खाल्ली

हे लिहू की नको करता करता कितीतरी महिने गेले. पण परवा नागपुरात आमच्या त्रिमूर्तीनगरातल्याच एका काकूंनी सांगितलं की त्यांच्या नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि त्या मे महिन्याच्या ट्रिपसाठी याच माणसाकडे पैसे भरून राहिल्या आहेत, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून आज बसून सगळं लिहितेय. एजंटचं नाव लिहीत नाही कारण केस चालू आहे, पण पद्धत पूर्ण सांगते, ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

माझी लेक नऊ वर्षांची. पाचव्या वर्षी तिचं वजन वाढेना, पोट फुगायचं, सारखी चिडचिड, मग धंतोलीतल्या डॉक्टरांनी टीटीजीची ब्लड टेस्ट सांगितली आणि नंतर एंडोस्कोपी करून बायोप्सी, त्यात सिलिअक निघाला, गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार. म्हणजे गहू आणि जव तिला जन्मभर बंद. लोकांना वाटते पोळी नाही दिली की झालं, तसं नाही ना हो. रवा गव्हाचा, सोया सॉसमध्ये गहू, माल्ट म्हणजे जव, आणि आपला बाजारातला डबीतला हिंगसुद्धा बरेचदा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो, त्यामुळे आमच्या वरणात चार वर्षांपासून फक्त खडा हिंग. आपल्याकडे ज्या पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहितात त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, यावरून समजा किती थोडंसं पुरते. ज्या तेलात समोसा तळला त्यात बटाटे तळले तरी ते तिच्यासाठी गेले.

माझी नणंद अटलांटाला असते. 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे जायचं आणि तिथून पाच रात्री ऑर्लँडोला, डिस्नी वर्ल्डला, असं ठरलं. मी, हे, लेक आणि सासूबाई. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. म्हणजे दोन परहेज एका टेबलावर.

मी काही आंधळेपणाने नाही गेले हे मुद्दाम सांगते. दोन महिने मी वाचत होते. डिस्नीच्या हॉटेलांत रूममध्ये छोटा फ्रीज सगळीकडे असतो, पण शेगडी नाही. आर्ट ऑफ ॲनिमेशन म्हणून आहे त्याच्या फॅमिली सुइटमध्ये मायक्रोवेव्ह मिळतो. पूर्ण किचन पाहिजे तर व्हिला घ्यावा लागतो, आणि ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये एक बेडरूमचा व्हिला मिळतो ज्यात शेगडी, ओव्हन, भांडी सगळं, आणि सव्हाना व्ह्यू घेतला तर गॅलरीतून जिराफ, झेब्रा दिसतात. खाली सना नावाचं रेस्टॉरंट, आफ्रिकन आणि भारतीय चवीचं. मला वाटलं सकाळी भाकर-भाजी रूमवर, एक वेळ बाहेर, झालं काम. सासूबाईंना तर जिराफाचं इतकं कौतुक की त्यांनी त्यांची दोन लाखांची एफडी मोडून पैसे दिले, नातीसोबत गॅलरीत बसून चहा प्यायचा म्हणून.

मग एजंट कशाला? तर यांचं म्हणणं होतं की एवढी रक्कम परदेशात स्वतः भरायची, काही झालं तर कोणाला धरणार, त्यापेक्षा आपल्या गावातला माणूस बरा, धरमपेठेत ऑफिस आहे, काचेचं दार आहे, दोन मुली कॉम्प्युटरवर बसलेल्या असतात. माणूसही गोड बोलणारा, सासूबाईंना आई आई करून राहिला होता.

मी त्याला चार पानी कागद दिला, त्यात लेकीला काय चालते, काय नाही, भांडं वेगळं का पाहिजे, सगळं. त्याने तो वाचला नाही. फाइलमध्ये घातला आणि म्हणाला, “टेन्शन नका घेऊ मॅडम, तिकडे शंभर टक्के ग्लूटेन-फ्री किचन आहे, सर्टिफाइड.” आणि दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर सर्टिफिकेटही पाठवलं, गोल शिक्का वगैरे. मी तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. कारण डिस्नी स्वतः स्पष्ट सांगते की त्यांच्याकडे ॲलर्जीसाठी वेगळी किचन्स नाहीत, काळजी घेतात पण शंभर टक्के गॅरंटी देत नाहीत. हे मी आल्यावर नीट वाचलं.

पॅकेज 5,74,000 चं. त्याच्यावर “स्पेशल डाएट सप्लिमेंट” माणशी 9,500, चौघांचे 38,000. मी विचारलं की हे आणि मी तर सगळंच खातो, आमचे काऊन? तर म्हणे एका बुकिंगला एकच कॅटेगरी लागते. एकूण 6,12,000 आणि त्यावर पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी पॅकेजवर एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा कर, 30,600. अर्धे पैसे फर्मच्या खात्यावर घेतले, बाकीचे बायकोच्या खात्यावर थोडे थोडे करून यूपीआयने मागवले, म्हणे करंट अकाउंटचं काहीतरी अडकलंय. पक्कं बिल मागितलं तर प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल दिलं, म्हणे फायनल बिल ट्रिपनंतर निघते.

यात डायनिंग प्लॅनही होता, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवायचे. हा डिस्नीचा खरा प्लॅन आहे, कोविडमध्ये बंद होता, 9 जानेवारी 2024 पासून परत सुरू झाला. आणि तो फक्त डिस्नीच्या स्वतःच्या रिसॉर्ट हॉटेलचं पॅकेज घेणाऱ्यांनाच मिळतो. रेस्टॉरंटचं टेबल 60 दिवस आधीपासून बुक करता येते. मी ऑगस्टच्या शेवटापासून त्याच्या मागे लागले, त्याने सहा रेस्टॉरंटची यादी पाठवली, प्रत्येकापुढे हिरवी टिकमार्क आणि “जीएफ कन्फर्म्ड”, म्हणजे ग्लूटेन-फ्री पक्कं. डिस्नीचं ॲप आहे, त्यात बुकिंगचा नंबर टाकला की हॉटेल, टेबल सगळं आपल्या नावावर दिसते. मी नंबर टाकला, दिसेना. फोन केला. “मॅडम ते ग्रुप बुकिंगमध्ये आहे, इंडियातून नाही दिसत, तिकडे लँड झाल्यावर ओपन होते.” आणि मी ऐकलं. ज्याच्या घरी असं लेकरू आहे ना, तो इतका थकलेला असतो रोज रोज सगळ्यांना समजावून की कोणी “मी पाहतो” म्हटलं की जीव सुटल्यासारखा होतो. तिथेच तो माणूस आपल्याला पकडतो.

अटलांटाहून ऑर्लँडोला उतरून दुपारी चारला किदानीच्या रिसेप्शनवर पोचलो. त्या मुलीने नावाने शोधलं, पासपोर्टने शोधलं, नंबर टाकून पाहिला, मग तिची सिनिअर आली, तिने व्हाउचर हातात घेतलं आणि हळूच सांगितलं की हा नंबर आमच्या पद्धतीचाच नाही. आमच्या नावाने काहीच नव्हतं. रूम नाही, प्लॅन नाही, सहापैकी एकही टेबल नाही. तिथले लोक फार चांगले, पाणी दिलं, बसायला जागा दिली, त्यांचा यात काही दोष नाही. पण त्या दिवसाचा रूमचा रेट ऐकून यांचा चेहरा पांढरा पडला. इकडे रात्रीचा दीड वाजलेला, एजंटचा फोन बंद. सासूबाई लॉबीत बॅगांजवळ बसून होत्या, नणंदेने डब्यात दिलेल्या ज्वारीच्या भाकरी लेकीला चारत, आणि मोठ्या काचेतून बाहेर जिराफ दिसत होता. त्यांनी एकदाच विचारलं, “आपली गॅलरी कोणती ग?” मला उत्तर देता आलं नाही.

रात्री साडेनऊला मेसेज आला. “हॉटेल ओव्हरबुक झालं, तुम्हाला शिफ्ट केलंय”, आणि एक पत्ता. किसिमीच्या 192 नंबर हायवेवरचं हॉटेल, डिस्नीपासून बरंच लांब. एकच खोली, शेगडी नाही, फ्रीज थंड होईना. सकाळचा फुकट ब्रेकफास्ट म्हणजे वॉफलचं मशीन, टोस्टर, मफिन, सगळीकडे चुरा, सगळ्याला एकच चिमटा. लेकीने केळं आणि दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी संपल्या होत्या, पाऊस होता, बाजूच्या एका छोट्या दुकानातून मी फ्राइज आणल्या. दोनदा विचारलं, तळायचं तेल वेगळं आहे का, तो मुलगा हो म्हणाला. वेगळं नव्हतं. रात्री एक वाजल्यापासून उलट्या, पोटात कळा, ती पाय पोटाशी घेऊन पडलेली आणि मला म्हणे, “आई, मी काही खाल्लं नाही ग वेगळं.” ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. दीड दिवस ती पलंगावरून उठली नाही, आणि आतड्याला जी इजा होते ती तर उलटी थांबली म्हणून लगेच भरत नाही.

पार्कची तिकिटं चार दिवसांची सांगितली होती, निघाली दोन दिवसांची. तेवढीच खरी होती.

चौथ्या दिवशी मॅजिक किंगडमला गेलो. घाबरत घाबरत काउंटरवर सांगितलं की मुलीला सिलिअक आहे. त्या बाईने आधी मलाच प्रश्न विचारले, फक्त गहू की आणखी काही, दूध चालते का, मग आतून शेफ आला, त्याने खाली वाकून लेकीशी बोलून तिला काय आवडते ते विचारलं, कोणता पदार्थ कोणत्या तेलात होतो ते सांगितलं आणि एका पदार्थाला स्वतःच नाही म्हणाला, “हा मी तिला देणार नाही.” ॲलर्जीचा वेगळा मेन्यू त्यांच्याकडे छापलेला असतो, ॲपमध्येही असतो. मी विचारलं याचे जास्तीचे किती? काहीच नाही, बिल तेवढंच. 38,000 रुपये ज्या गोष्टीचे घेतले ती तिथे विचारली की मिळते, फुकट. मी तिथेच रडले.

पार्कमध्ये आपलं खाणं नेता येते, काचेचं भांडं फक्त नको, हेही तेव्हाच कळलं. डिस्नी स्प्रिंग्जला एरिन मॅकेनाज बेकरी आहे, तिथलं ग्लूटेन-फ्री आणि व्हीगन, म्हणजे अंडंही नाही. लेकीने आयुष्यात पहिल्यांदा दुकानातून घेऊन डोनट खाल्ला आणि सासूबाईंनीही अर्धा खाल्ला. सनामध्ये तिथे न राहणाऱ्यांनाही जेवता येते, शेवटच्या दिवशी जागा मिळाली. तेवढेच दोन तास काय ते सुखाचे.

नागपूरला परत आल्यावर एजंट म्हणे आमच्या तिकडच्या डीएमसीने, म्हणजे तिथल्या स्थानिक एजन्सीने, आम्हालाच फसवलं, मी पण नुकसानीत आहे. महिनाभर फेऱ्या मारल्यावर 50,000 दिले आणि नंतर दोघांचेही नंबर ब्लॉक केले. मग आमच्या सीएंनी एक गोष्ट दाखवली. टीसीएस जो घेतात तो एजंटने ग्राहकाच्या पॅनवर सरकारात भरायचा असतो आणि तो आपल्या 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या इन्कम टॅक्सच्या उताऱ्यात दिसतो. आमच्या 26एएसमध्ये जुलै ते सप्टेंबरचा रकाना कोरा. म्हणजे ते 30,600 सुद्धा गेले. परदेशी पॅकेज घेतलेल्या प्रत्येकाने हे उघडून पाहा, आज रात्रीच पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि पैसे अजून भरायचे असतील तर सगळे एकदम भरू नका. हॉटेलला स्वतः फोन करा, कन्फर्मेशन नंबर वाचून दाखवा, नाव आणि रूमचा प्रकार त्यांच्या तोंडून ऐका. ॲपमध्ये दिसत नसेल तर बुकिंग नाहीच समजा, इंडियातून दिसत नाही वगैरे काही नसते. डायनिंग प्लॅन घेतला आणि हॉटेल मात्र डिस्नीचं नाही असं कोणी देत असेल तर ते होऊच शकत नाही. विमानातही ग्लूटेन-फ्री जेवण जीएफएमएल आणि जैन जेवण व्हीजेएमएल या कोडने आधी सांगावं लागते, मोठ्या एअरलाइनमध्ये त्याचे वेगळे पैसे नसतात, आमच्या काकूंकडून त्याचेही मागून राहिला आहे तो.

आम्ही आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, एजंटने त्याला उत्तरच दिलं नाही. पोलिसांत अर्ज दिला आहे. मग नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आमची त्याच्यावर होती म्हणून थोडी लागली. वकिलांनी सगळ्यात आधी काय मागितलं तर व्हॉट्सॲपचे चॅट, तेव्हा काही डिलीट करू नका, त्याचे व्हॉइस मेसेजही नाही. माझा चार पानी कागद त्याच्या सहीशिक्क्यानिशी पोच घेतलेला होता, तो आता आमचा मुख्य पुरावा आहे.

मागच्या तारखेला त्याच्या वकिलाने लेखी दिलं की मुलीच्या आजाराबद्दल आम्हाला काही सांगितलंच नव्हतं. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. सासूबाई म्हणतात मीही येते, त्याने माझ्यासमोर तो कागद फाइलमध्ये घातला होता, मी सांगते त्यांना. त्यांचे गुडघे दुखतात, आम्ही नको म्हणतोय, पण त्यांनी पिशवीत पासपोर्ट आणि एफडीची पावती आतापासूनच भरून ठेवली आहे. त्रिमूर्तीनगरच्या काकूंनी काल त्याला दुसरा हप्ता दिला नाही. अजून कोणाचे त्याच्याकडे अडकले असतील तर मला कळवा, आम्ही कागद दाखवायला आणि आयोगात सोबत यायला तयार आहोत.