दोन सर्व्हर, एक जेबॉड आणि चार बाइटची फाइल : पंधरा महिन्यांचा अनुभव

एकाच जेबॉडला (नुसत्या डिस्कची पेटी) जोडलेल्या आमच्या दोन सर्व्हरच्या झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी सिस्टीम) सेटअपला जूनमध्ये पाचपैकी दोन तारे दिले होते आणि कारण एका ओळीत लिहिलं होतं : ‘मल्टिहोस्ट चालू असूनही पूल फुटला.’ (पूल म्हणजे अनेक डिस्क मिळून झालेला एकच साठा, मल्टिहोस्ट म्हणजे तो दोन सर्व्हरनी एकदम वापरू नये यासाठीची राखण.) ते वाक्य आज मागे घेतोय. पूल फुटला हे खरं, मल्टिहोस्ट चालू होतं हेही खरं; पण खोट मल्टिहोस्टमध्ये नव्हती. खोट होती दोन्ही सर्व्हरच्या ईटीसी फोल्डरमधल्या होस्टआयडी नावाच्या फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरची ओळख सांगणाऱ्या आकड्यात. अवघ्या चार बाइटची फाइल. सुमारे ४० टीबी डेटा तिच्या भरवशावर होता आणि बसवून देणाऱ्यांनी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती.

सेटअप ओळखीचाच आहे. नागपुरात वर्धा रोडवरचं ड्रोन सर्व्हेचं ऑफिस, दोन सारखे सर्व्हर (अ आणि ब म्हणू), मध्ये २४ खणांचं एक जेबॉड, त्याला दोन आयओ मॉड्यूल. प्रत्येक सर्व्हरमधून दोन्ही मॉड्यूलना एकेक एसएएस (डिस्क जोडायची) केबल. ८ टीबीच्या १२ एनएल-एसएएस डिस्क, सहा-सहाचे दोन रेडझेड-२ गट (गटातल्या दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो), दोन डिस्क स्पेअर, आणि लॉगसाठी दोन एसएएस एसएसडी आरशात (दोन्हींवर तेच लिखाण). वर लिनक्स, झेडएफएस, आणि एक सर्व्हर पडला की काम दुसऱ्याकडे देणारे पेसमेकर आणि कोरोसिंक. पूल एका वेळी एकाच सर्व्हरवर. तो पडला की दुसऱ्याने उचलायचा. वेग, शेअरिंग, स्नॅपशॉट यांबद्दल पंधरा महिन्यांत एकही तक्रार नाही.

घात झाला नवतप्यात, मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत. दोन सर्व्हर एकमेकांची नाडी ज्या स्विचवरून बघत होते तो एकच होता आणि यूपीएसवर नव्हता. लाईट गेली, स्विच बंद पडला, सर्व्हर यूपीएसवर चालूच राहिले. अला वाटलं ब मेला, बला वाटलं अ मेला. अशा वेळी एकाने दुसऱ्याची वीज तोडायची असते. यालाच फेन्सिंग म्हणतात, पेसमेकरच्या भाषेत स्टोनिथ. इथे ते बसवतानाच बंद करून ठेवलं होतं. ‘चालू ठेवलं की सर्व्हर उगाच रीबूट होतात’ हे बसवून देणाऱ्यांनी दिलेलं कारण. सर्व्हर रीबूट होत होते, कारण नाडी खरंच तुटत होती. तिथेच थांबून स्विच बघायला हवा होता.

त्यामुळे ब पुढे सरसावला आणि त्याने पूल जबरदस्तीने इम्पोर्ट केला, म्हणजे स्वतःकडे उघडून घेतला. पेसमेकरचा झेडएफएस रिसोर्स एजंट मुळातच छोट्या एफचा पर्याय लावून इम्पोर्ट करतो, म्हणजे ‘दुसऱ्याकडे दिसत असला तरी घे’. हाच प्रसंग अडवायला २०१७ च्या ०.७ आवृत्तीपासून मल्टिहोस्ट आहे. ते चालू असलं की पूल वापरणारा सर्व्हर दर सेकंदाला डिस्कवर आपली खूण लिहीत राहतो. दुसरा इम्पोर्ट करायला आला की आधी वीसेक सेकंद नुसता बघत बसतो. खूण बदलताना दिसली तर नकार देतो, आणि छोटा एफ लावला तरी ऐकत नाही. फक्त एक सवलत आहे. पूल शेवटचा ज्याने वापरला त्याचा होस्टआयडी आणि आता मागणाऱ्याचा होस्टआयडी एकच असेल, तर ही तपासणी होतच नाही. सर्व्हर स्वतःचाच पूल रीबूटनंतर परत घेतोय असं झेडएफएस धरून चालतं, आणि ते योग्यच आहे.

ब हा अच्या डिस्कचा क्लोन होता.

दोन्हीकडे ती फाइल ओडी कमांडने हेक्समध्ये उघडली. दोन टर्मिनल शेजारी, दोन्हींवर एकच आठ अक्षरी आकडा. एवढ्यासाठी तीन आठवडे ‘झेडएफएस असंच करप्ट होतं, आमचा नवा ड्युअल कंट्रोलर बॉक्स घ्या’ हे विकणाऱ्यांकडून फोनवर ऐकावं लागलं. त्या बॉक्सचं कोटेशन लाखांत होतं. त्या फाइलच्या दुरुस्तीचा खर्च शून्य.

दोन सर्व्हर एकदम लिहू लागले की नेमकं काय बिघडतं हे कळल्याशिवाय वाचवायला हात लावू नये. मोकळी जागा कुठे आहे याचा हिशेब प्रत्येक सर्व्हर आपल्या मेमरीत ठेवतो. अने जिथे फाइलचा तुकडा लिहिला ती जागा बच्या वहीत मोकळीच असते. ब तिथे आपला मेटाडेटा (कुठला डेटा कुठे आहे याच्या नोंदी) लिहून मोकळा होतो. पूलचं मूळ, म्हणजे उबरब्लॉक, डिस्कवरच्या चार लेबलांत (पूलची ओळख ठेवणाऱ्या नोंदी) फिरत्या खान्यांत लिहिलं जातं. ४के सेक्टरच्या डिस्कवर प्रत्येक लेबलात ३२ खाने. कुठला खाना, हे ट्रान्झॅक्शन (एकदम लिहिलेला बदलांचा गठ्ठा) नंबरवरून ठरतं, म्हणून दोघेही तेच खाने आळीपाळीने पुसतात. साधारण ५ सेकंदांना एक ट्रान्झॅक्शन धरलं तर ३२ खाने म्हणजे जेमतेम अडीच मिनिटांचा इतिहास. लिखाण जोरात असेल तर त्याहून कमी. शिवाय मोकळ्या झालेल्या जागा दोन-चार ट्रान्झॅक्शननंतर पुन्हा वापरात येतात, म्हणून फार मागचं मूळ सापडलं तरी त्याच्या फांद्या जागेवर असतीलच असं नाही. उशीर महाग पडतो आणि घाई त्याहून महाग.

पहिलं काम : एक सर्व्हर पूर्ण बंद करा आणि त्याच्या एसएएस केबल काढा. नुसता शटडाउन पुरत नाही. कुणीतरी बटण दाबतं आणि बूट होताना पूल पुन्हा उचलला जातो. राहिलेल्या सर्व्हरवर पेसमेकर बंद करा. मग प्रत्येक डिस्कवर झेडडीबीला (झेडएफएसच्या आतल्या नोंदी दाखवणारी कमांड) छोटा एल आणि छोटा यू देऊन लेबलं वाचा. होस्टनेम, होस्टआयडी, ट्रान्झॅक्शन नंबर आणि वेळ कागदावर उतरवा. मल्टिहोस्टची खूण ज्यात लिहिली जाते तो शेवटचा खाना सोडून एकाच नंबरचे दोन वेगळ्या वेळांचे उबरब्लॉक दिसले तर दुहेरी इम्पोर्टचा पुरावा हातात आला. आमच्याकडे तो असा मिळाला.

मग झेडपूल इम्पोर्ट काहीच न जोडता चालवा. हे फक्त बघतं, लिहीत नाही. त्यानंतर रीडओन्ली चालू, मोठा एन (माउंट करू नको), मोठा आर (वेगळ्या मुळाशी लाव). हे जमलं नाही तर मोठा एफ आणि छोटा एन एकत्र : मागे जाणं शक्य आहे का एवढंच सांगतं, करत नाही. हो म्हणालं तर रीडओन्लीसकट मोठा एफ. तेही फसलं तर कागदावरच्या यादीतून दुहेरी लिखाण सुरू होण्याआधीचा नंबर मोठ्या टीला द्यायचा, पुन्हा रीडओन्लीच. मोठा एक्स सगळ्यात शेवटी, आणि डिस्कच्या प्रती काढल्याशिवाय नाहीच. फोनवर सूचना घेताना ‘मोठा की छोटा’ हे दरवेळी विचारा. छोटा एफ आणि मोठा एफ यांत डेटा जाण्याइतका फरक आहे.

आमचा पूल मोठ्या एफवर रीडओन्ली उघडला. रीडओन्ली पूलवर नवा स्नॅपशॉट काढता येत नाही, पण असलेला पाठवता येतो. म्हणून दर तासाला निघणाऱ्या स्नॅपशॉटपैकी (त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली प्रत) शेवटचा झेडएफएस सेंडने दुसऱ्या मशीनवर नेला आणि त्यानंतरच्या फाइली आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने. सात ऑर्थोमोझेक (ड्रोनचे फोटो जोडून केलेले नकाशे) फाइली गेल्या. त्या मूळ फोटोंवरून पुन्हा बनवता आल्या.

‘स्क्रब करा, एरर नाही आले तर तोच पूल वापरा’ असा सल्ला मिळेल. ऐकू नका. स्क्रब पोचता येणाऱ्या ब्लॉकचे चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते सांगणारे आकडे) बघतो. मोकळ्या जागेच्या हिशेबात वापरातली जागा मोकळी म्हणून चढली असेल तर तो गप्प राहतो आणि महिन्याने नव्या लिखाणात पूल पुन्हा फाटतो. पूल मोडला, नव्याने बांधला, डेटा परत आणला. तीन दिवस गेले आणि ते वसूल झाले.

आता दुरुस्ती. दोन्ही सर्व्हरवर झेडजेनहोस्टआयडी ही होस्टआयडीची फाइल बनवणारी कमांड छोट्या एफसह चालवा, नाहीतर असलेली फाइल ते बदलत नाही. इनिट-रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टीम) नव्याने बनवा, रीबूट करा, दोन्हीकडचे आकडे ताडून बघा. इथे एक फसगत आहे : फाइल मुळीच नसेल तरी होस्टआयडी ही कमांड आयपीवरून काढलेला आकडा दाखवते आणि सगळं ठीक वाटतं, पण झेडएफएसच्या लेखी तो शून्य असतो. तेव्हा कमांडवर विसंबू नका, फाइल बघा. पूलची कॅशफाइल (बूटला कुठला पूल उचलायचा याची नोंद) ‘नन’ करा आणि बूटच्या वेळी आपोआप इम्पोर्ट करणाऱ्या दोन्ही सर्व्हिस बंद करा. पूल उचलण्याचा हक्क फक्त पेसमेकरचा.

फेन्सिंग दोन थरांचं लावलंय. पहिला आयपीएमआय, म्हणजे सर्व्हरमधल्या वेगळ्या कंट्रोलरकडून त्याची वीज दुरून तोडायची सोय. त्याची मर्यादा अशी की सर्व्हरची वीजच गेली तर त्यातला कंट्रोलरही मेलेला असतो, ‘तोडली’ असं उत्तर येत नाही आणि क्लस्टर वाट बघत अडकतो. म्हणून दुसरा थर डिस्कवरच्या रिझर्व्हेशनचा, म्हणजे डिस्कवर कोण लिहू शकतो याच्या कुलपाचा. डिस्कला मल्टिपाथने (एकाच डिस्कला अनेक वाटांनी) जात असाल तर फेन्स-स्कझी नको, फेन्स-एमपाथ घ्या, आणि दोन्ही सर्व्हरच्या मल्टिपाथ कॉन्फमध्ये रिझर्व्हेशन की वेगळी आहे ना ते बघा. क्लोन केलेल्या सर्व्हरवर तीही सारखीच असते. दोघांनी एकदम एकमेकांना मारू नये म्हणून एकाच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा डिले द्या. नाडीसाठी दोन सर्व्हरमध्ये थेट एक नेटवर्क केबल टाकली आणि स्विच यूपीएसवर घेतला. सीताबर्डीतून आणलेली साधी पॅच कॉर्ड आहे ती. ही केबल पहिल्या दिवशी असती तर दोन्ही वाटा एकदम तुटल्या नसत्या.

मल्टिहोस्टबद्दल जूनमध्ये आणखी एक कुरकुर होती : फेलओव्हरला (पूल दुसऱ्या सर्व्हरवर जायला) वीस-पंचवीस सेकंद जास्त लागतात. लागतात. ठरवून केलेल्या फेलओव्हरला नाही, कारण एक्स्पोर्ट (पूल रीतसर सोडणं) नीट झाला असेल तर तपासणी होत नाही. फक्त अचानक पडल्यावर. एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइल देणारी सेवा) ९० सेकंदांचा ग्रेस पिरियड, म्हणजे सर्व्हर परत आल्यावरचं थांबणं, तसाही असतोच, त्यामुळे फाइल उघडी ठेवून बसलेल्या माणसाला फरक जाणवत नाही. तक्रार रद्द.

खरा त्रास उन्हाळ्याचा आहे आणि तो संपलेला नाही. मल्टिहोस्टची खूण १० सेकंद लिहिता आली नाही तर पूल स्वतःला सस्पेंड करतो. एसी ट्रिप होऊन खोली तापली, एचबीएचं (सर्व्हरला डिस्कशी जोडणारं कार्ड) हीटसिंक तापून कार्ड रीसेट झालं की हे होतं. मर्यादा वाढवता येते, पण मग इम्पोर्टच्या आधीचं थांबणंही त्याच प्रमाणात लांबतं, म्हणून ती तशीच ठेवली आणि कार्डासमोर ८० मिमीचा वेगळा पंखा बसवला. सर्व्हर रूममध्ये वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावू नका, नागपुरात तो कितीही हाताशी असला तरी. दमट हवा आणि धूळ मिळून कनेक्टर खराब होतात.

तारे आता चार. पाचवा राखून ठेवलाय तो पुढच्या मे महिन्यासाठी.

तुमच्याकडे असाच जोड असेल तर चालू पूलला हात न लावता एक चाचणी करता येते. जेबॉडच्या रिकाम्या खणांत दोन जुन्या डिस्क घाला. अवर त्यांचा छोटा पूल बनवा, मल्टिहोस्ट चालू करा आणि तो तसाच उघडा ठेवा. मग बवरून तोच पूल छोट्या एफसह इम्पोर्ट करून बघा. वीसेक सेकंद थांबून ‘पूल दुसऱ्या सर्व्हरवर चालू आहे’ असा नकार यायला हवा. प्रॉम्प्ट लगेच परत आला आणि पूल बवर दिसू लागला, तर तो चाचणीचा पूल मोडा, बचा पेसमेकर त्याच क्षणी बंद करा आणि दोन्हीकडची ती चार बाइटची फाइल उघडा.