जुना ब्लू-रे प्लेअर: आठ महिने वापरल्यावर

होळीच्या आठवड्यात पुण्याच्या तपकीर गल्लीत एचडीएमआय केबल आणायला गेलो आणि केबलसोबत वापरलेला ब्लू-रे प्लेअर (डीव्हीडीसारख्याच, पण जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क लावायचं यंत्र) घेऊन आलो. साडेतीन हजार. दुकानदाराने दोनदा विचारलं, ‘साहेब, नक्की हाच पाहिजे ना?’ आता आठ महिने झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी चित्र. घरात ५५ इंची टीव्ही आहे, फायबरची लाइनही बरी चालते. तरी फरक कळतो, तो अंधारात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली मंडळी मोरियाच्या खाणीत शिरली की स्ट्रीमिंगवर भिंतींवर करड्या चौकटी दिसू लागतात. डिस्कवर काळा तो काळाच. नेटफ्लिक्स ४के साठी, म्हणजे साध्या ब्लू-रेपेक्षाही बारीक चित्रासाठी, १५ एमबीपीएसचं कनेक्शन पुरे म्हणतं. साध्या ब्लू-रेवर नुसत्या चित्राला ४० पर्यंत मुभा असते. आवाजाचं तर विचारूच नका, खालच्या काकू बेल वाजवून गेल्या. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाढीव आवृत्तीत एकेक भाग दोन डिस्कवर आहे, त्यामुळे अध्येमध्ये उठावं लागतं. तेवढ्यात चहा होतो.

खरं तर हा उपद्व्याप ‘स्टार वॉर्स’साठी होता. मामाने अमेरिकेहून आणलेला २००६ चा डीव्हीडी संच माझ्याकडे आहे. त्यातल्या जादा डिस्कवर १९७७ साली थेटरात लागला होता तो सिनेमा आहे. १९९७ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकसने त्यात फेरफार केले, नायकांपैकी हान सोलोच्या आधी त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला गोळी झाडायला लावली. २०१९ मध्ये डिझ्नी प्लसवर आला तेव्हा त्याच प्रसंगात पुन्हा हात घातलेला. वर्गणी भरणाऱ्याने जे वाढलंय ते खायचं. म्हणून मोठ्या थाटात ती डिस्क लावली आणि प्लेअरने ती सरळ बाहेर फेकली. डिस्क जगाच्या ज्या भागासाठी (रीजन) काढलेली, तिथल्याच प्लेअरवर चालते: अमेरिकेची डीव्हीडी रीजन १, आपली ५. ब्लू-रेतही तेच, त्यांचा ए, आपला सी. ४के डिस्कला ही भानगड नाही, पण ती या प्लेअरला वाचता येत नाही.

शेवटी माळ्यावरून बाबांचा जुना डीव्हीडी प्लेअर काढला. त्याला कुठल्याही रीजनची डीव्हीडी चालते. चित्र १९९३ च्या लेसरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) केलेल्या मूळ प्रतीवरून घेतलेलं. टीव्हीच्या मधोमध छोटा आयत, चारी बाजूंनी काळं. पण सुरुवातीची पिवळी अक्षरं वर सरकू लागली आणि त्यात ‘एपिसोड ४’ नव्हतं! ते १९८१ मध्ये घातलं. मी पॉज करून दाखवलं. दहावीतला भाचा म्हणाला, ‘मामा, प्रिंट खराब आहे.’

पावसाळ्यात दोन डिस्कवर बुरशी धरली. मऊ कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल फिरवायचं नाही. एक वाचली, दुसरी दीड तासाला अडकते. आता कपाटात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात.

वर्गणी बंद केलेली नाही. रोजच्या मालिका तिथेच, आणि आईला डिस्कचा ट्रे उघडायचा कंटाळा येतो.

घेणाऱ्यांनी एक बघा: मूळ रिमोट मिळतोय का. माझ्या प्लेअरवर फक्त तीन बटणं आहेत आणि मेनूत खाली जायला त्यातलं एकही चालत नाही. रिमोटसाठी मला तपकीर गल्लीत आणखी दोन चकरा माराव्या लागल्या.