बिनपॉलिशची हळकुंडं हवी असतील तर रविवार कारंजाजवळचं हे कांडप (5 पैकी 4)

नाशिकच्या रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत मसाला कांडपाचं छोटं दुकान आहे, पाटी धड दिसत नाही, गाडी लावायला जागा अजिबात नाही, तरी मी ओळखीच्या सगळ्या आयांना तिथेच पाठवतेय कारण इथे बिनपॉलिशची हळकुंडं मिळतात आणि आपल्यासमोर दळून देतात.

आपल्याला वाटतं अख्खी हळकुंडं घेतली की भेसळीचा प्रश्न मिटला. तसं नाहीये, हळकुंडं घासून गुळगुळीत करतात ना तेव्हाच पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट लावतात, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग. एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, हळदीतल्या शिशाची मर्यादा 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग) आहे आणि 2024 मध्ये आलेल्या एका अभ्यासात पाटण्याच्या हळदीत 1000 च्या वर सापडलं! शिजवून ते जात नाही, आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात चार-पाच पट जास्त शोषलं जातं, थेट मेंदूवर परिणाम.

मी या मागे लागले ते मुलीच्या शाळेच्या कॅन्टीनमुळे. खिचडीत हळद कुठली घालता विचारलं तर "सुटी आणतो", बिल नाही पाकीट नाही, वर वडा वर्तमानपत्रात बांधून, जे एफएसएसएआयने कधीच बंद करायला सांगितलंय. शाळा म्हणते आजवर कुणाला त्रास झाला नाही. अहो 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेलं, 23 मुलं दगावली, ते कळलं कारण मुलं लगेच आजारी पडली. रोज थोडं थोडं शिसं पोटात गेलं तर ना उलटी ना जुलाब, मग त्रास दिसणार कसा?

तर दुकानाबद्दल. काका काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात हळकुंड टाकून दाखवतात, रंग लगेच सुटला तर समजायचं गडबड आहे, आणि शिसं नेमकं किती ते यातून कळत नाही ताई, त्याला लॅबच लागते, हेही ते स्वतःच सांगतात. मला हे फार आवडलं. माल सांगलीकडचा राजापुरी, साल खरखरीत, रंग फिकट, आधी सासूबाई म्हणाल्या ही कसली मळकट हळद, पण फोडणीत वास असा सुटला की आता दुसरी आणू देत नाहीत.

एक स्टार कापला कारण मागितल्याशिवाय पक्कं बिल देत नाहीत, आणि कॅन्टीनवाल्याला दाखवायला मला बिलच हवं होतं. दाखवलंय, "बघतो" म्हणालाय. तोपर्यंत डबा घरचाच.

मार्च-एप्रिलमध्ये रांग खूप असते, सकाळी लवकर जा, हळद ते आधी दळतात आणि मिरची नंतर.