पीटीएसडी मोजायचा कशाने: मुलाखत, प्रश्नावली की पाच प्रश्नांची चाळणी?

पीटीएसडीवर (भीषण घटनेनंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारावर) प्रबंध लिहायला घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे, किंवा अपघात, पूर, घरातली मारहाण यांतून आलेल्या माणसांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकापुढे, एक प्रश्न लवकरच येतो: साधन कोणतं वापरायचं? बहुतेक जण पीसीएल-५ ही स्वतः भरायची प्रश्नावली उचलतात. ती फुकट मिळते, दहा मिनिटांत भरून होते आणि आधीच्या प्रबंधांतही तीच वापरलेली असते. तिन्ही कारणं खरी आहेत, पण निवड त्यांवरून होऊ नये. मिळालेल्या उत्तराचं तुम्ही पुढे काय करणार आहात, यावरून ती व्हावी. निदान करायचं आहे, उपचाराने फरक पडतोय का ते बघायचं आहे, की गर्दीतून मदतीची गरज असलेली माणसं शोधायची आहेत? या तीन कामांची साधनं वेगळी आहेत. ती एकमेकांच्या जागी वापरली की आकडे चुकतात आणि त्या आकड्यांवर घेतलेले निर्णयही चुकतात.

साधन बदललं की आकडा किती हलतो

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवरचं संशोधन यासाठी मुद्दाम वाचावं. १९८० साली डीएसएमच्या (मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या) तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडीला निदान म्हणून जागा मिळाली, त्यामागे या सैनिकांच्या हालअपेष्टांचा मोठा वाटा होता. पुढचा प्रश्न ओघानेच आला: असे सैनिक आहेत किती?

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८८ साली आले. आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेले १४.७ टक्के, आणि तपासणीआधीच्या महिन्यात तो असलेले २.२ टक्के. त्याच सुमारास अमेरिकी संसदेच्या आदेशावरून दुसरी मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात हेच आकडे ३०.९ आणि १५.२ आले. युद्ध तेच, पिढी तीच, दशकही तेच. तरीही सध्याच्या पीटीएसडीचा आकडा जवळपास सातपट.

यात कोणी लबाडी केलेली नव्हती. पहिल्या अभ्यासात ठरावीक साच्यातली मुलाखत होती, आणि पीटीएसडीच्या बाबतीत तो साचा बरेच रुग्ण निसटू देतो असं नंतर दिसलं. दुसऱ्या पाहणीत प्रश्नावल्या आणि काही सैनिकांच्या तज्ज्ञांनी घेतलेल्या मुलाखती यांची सांगड घालून अंदाज बांधला होता. शिवाय 'सध्या' म्हणजे किती काळ, याचं मापही दोन्हीकडे सारखं नव्हतं. पुढे २००६ साली संशोधक ब्रूस डोहरेनवेंड आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दुसऱ्या पाहणीची फेरतपासणी छापली. कोण कुठल्या तुकडीत होता, तिथे काय घडलं, हे त्यांनी लष्करी नोंदींवरून पडताळलं. युद्धाआधीच त्रास सुरू झालेले बाजूला काढले, आणि लक्षणांमुळे रोजचं जगणं बिघडलं आहे का हेही धरलं. आकडे खाली आले: १८.७ आणि ९.१ टक्के. सैनिक भरपाईसाठी त्रास फुगवून सांगतात हा तेव्हाचा मोठा आक्षेप होता, त्याला मात्र फारसा पुरावा मिळाला नाही. जितका भीषण लढाईचा अनुभव, तितकं पीटीएसडीचं प्रमाण जास्त, हा संबंधही ठळक निघाला.

९.१ टक्के म्हणजे, युद्ध संपून दशक उलटल्यावरही दर अकरा सैनिकांत एक जण आजारी. आकडा घटला तरी प्रश्न लहान झाला नाही. पण किती उपचार केंद्रं लागतील, हे मात्र २.२, ९.१ आणि १५.२ यांपैकी कुठला आकडा धरायचा यावर अवलंबून होतं.

कॅप्स-५: वेळ खाणारी, पण निदानापर्यंत नेणारी

कॅप्स ही मुलाखत अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातल्या नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडीने १९९० साली तयार केली. आजची कॅप्स-५ डीएसएम-५ च्या निकषांवर बेतलेली आहे. एकूण ३० बाबी, त्यांपैकी २० लक्षणं. उरलेल्या बाबींत त्रास कधी सुरू झाला, किती काळ टिकला, कामावर आणि नात्यांवर काय परिणाम झाला, स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखं वाटतं का, अशा गोष्टी येतात. वेळ ४५ ते ६० मिनिटं.

तिची ताकद पुढच्या प्रश्नांत आहे. वाईट स्वप्नं पडतात असं कोणी सांगितलं तर मुलाखतकार तिथे थांबत नाही. स्वप्नात काय दिसतं, जाग येते का, पुन्हा झोप लागायला किती वेळ लागतो, महिन्यात किती वेळा असं होतं, हे विचारतो. मग वारंवारता आणि तीव्रता दोन्ही धरून ० ते ४ गुण देतो. लक्षण 'आहे' असं मानायला किमान २ गुण लागतात, आणि स्वप्नांसारख्या लक्षणाला २ गुण मिळायला ते महिन्यातून निदान दोनदा आणि स्पष्ट जाणवेल इतकं असावं लागतं. काही लक्षणांचा त्या घटनेशी संबंध आहे का, हेही वेगळं तपासलं जातं.

हे शेवटचं फार मोलाचं आहे. झोप लागत नाही, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, या तक्रारी रात्रपाळी करणाऱ्यालाही असतात आणि तान्हं मूल असलेल्या आईलाही. रस्ते अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाला अपघाताचा काही भाग आठवत नाही, ते मेंदूच्या दुखापतीमुळेही असू शकतं. कागदावरची प्रश्नावली हा भेद करू शकत नाही. समोर बसलेला प्रशिक्षित माणूस करू शकतो.

अडचणही तीच आहे: प्रशिक्षित माणूस लागतो. पीटीएसडीची लक्षणं प्रत्यक्षात कशी दिसतात हे माहीत नसलेल्याने कागद समोर धरून कॅप्स वाचली, तर ती नुसती लांबलेली प्रश्नावली होते. दोन मुलाखतकार असतील तर काही मुलाखती दोघांनी स्वतंत्रपणे गुणांकित करून त्यांचं किती जुळतं हे तपासावंच लागतं. उपचारांच्या चाचणीत मुलाखतकाराला कोणाला कुठला उपचार मिळाला हे माहीत नसावं. एका मार्गदर्शकाकडच्या एकट्या विद्यार्थ्याला एवढी जुळवाजुळव जड जाते, हे मी समजू शकते.

पीसीएल-५: मागोवा घ्यायला उत्तम, शिक्का मारायला नाही

पीसीएल-५ मध्ये तीच २० लक्षणं. गेल्या महिन्याभरात प्रत्येकाचा किती त्रास झाला ते माणूस स्वतः ० ते ४ मध्ये सांगतो. बेरीज ० ते ८०. साधारण ३१ ते ३३ हा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वर गुण गेले की पीटीएसडीचा संशय धरायचा ती सीमा, प्रचलित आहे. दुसरी पद्धत म्हणजे २ किंवा अधिक गुणांची लक्षणं डीएसएमच्या नियमाने मोजणं: पुन्हा पुन्हा आठवणी येण्याच्या गटातलं एक, टाळाटाळीचं एक, विचार-भावनांतल्या बदलांची दोन, सतत सावध-दचकल्या अवस्थेची दोन. या दोन्ही पद्धतींतून मिळतं ते तात्पुरतं निदान. तिच्या निर्मात्यांचंही म्हणणं तेच आहे.

कॅप्स-५ ची बेरीजही ० ते ८० असल्याने एक घोटाळा वारंवार दिसतो: दोन्हींचे गुण एकाच मापाचे समजले जातात. ते तसे नाहीत. पीसीएलवर ४० आणि कॅप्सवर ४० यांचा अर्थ वेगळा. १९९३ ची जुनी पीसीएल १७ प्रश्नांची होती आणि तिचे गुण १७ ते ८५ असायचे. जुन्या अभ्यासांशी तुलना करताना हेही तपासा.

मग 'कटऑफच्या वर ३० टक्के आले, म्हणजे ३० टक्क्यांना पीटीएसडी' असं लिहिलं तर काय बिघडतं? हिशेब मांडून बघा. समजा १००० लोकांत खरोखर आजारी ५० आहेत, आणि साधन ८० टक्के आजारी ओळखतं व ८० टक्के निरोग्यांना बरोबर वगळतं. आजाऱ्यांपैकी ४० सापडले. ९५० निरोग्यांपैकी १९० उगाचच यादीत आले. कटऑफच्या वर एकूण २३०, त्यांत खरे ४०. म्हणजे प्रबंधात २३ टक्के छापून येतील आणि वास्तव ५ टक्क्यांचं असेल. मानसिक आघातावर उपचार करणाऱ्या केंद्रात, जिथे निम्मे लोक खरंच आजारी असतात, तिथे हेच साधन कितीतरी बरं ठरतं. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या माजी सैनिकांवर ठरलेला कटऑफ कोल्हापूरच्या पूरग्रस्तांवर तसाच लावणं मला पटत नाही.

पण उपचार सुरू असताना दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला गुण खाली येतायत का, कुठलं लक्षण हटत नाही, हे बघायला पीसीएल-५ सारखी सोय नाही. समुपदेशकांनी ती याच कामासाठी मनापासून वापरावी.

बाकीची तीन

पीसी-पीटीएसडी-५ ही २०१६ साली प्रसिद्ध झालेली पाच हो-नाही प्रश्नांची चाळणी. आधी आघाताची घटना घडली का ते विचारायचं, 'नाही' असेल तर तिथेच थांबायचं. कटऑफ साधारण ४, स्त्रियांमध्ये ३ जास्त योग्य असं दिसलं आहे. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा मदत छावणीत हीच घ्यावी. 'हो' जास्त आले की पुढची मुलाखत, एवढाच तिचा उपयोग.

आयईएस-आर ही घटनेचा मनावरचा परिणाम मोजणारी जुनी प्रश्नावली. तिच्यात २२ प्रश्न, काळ गेल्या सात दिवसांचा. मूळ आयईएस १९७९ ची, १५ प्रश्नांची. आजच्या डीएसएमच्या निकषांशी तिचा मेळ नाही. जुन्या अभ्यासांशी थेट तुलना हाच हेतू असेल तर घ्या, नाहीतर नव्या कामासाठी मी ती सुचवणार नाही.

आयटीक्यू या आयसीडी-११ च्या निकषांवरच्या प्रश्नावलीचा विचार मात्र जास्त व्हायला हवा. डीएसएम-५ मध्ये लक्षणांच्या किती वेगवेगळ्या जुळण्या पीटीएसडी ठरू शकतात, हे दोन संशोधकांनी २०१३ साली मोजलं: ६,३६,१२०. एकच निदान असलेल्या दोन माणसांत फारच थोडं समान असू शकतं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाने उलट वाट धरली. पीटीएसडीसाठी गाभ्याचे तीनच गट ठेवले: घटना आत्ताच घडतेय असं पुन्हा अनुभवणं, टाळणं, आणि धोका टळलेला नाही असं वाटत राहणं. शिवाय 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे वेगळं निदान दिलं. त्यात या तिघांसोबत भावना न आवरणं, स्वतःला कस्पटासमान मानणं आणि नाती टिकवता न येणं येतं. आयटीक्यू हे दोन्ही मोजते, १८ प्रश्नांत, आणि तीही फुकट आहे.

वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईवर किंवा बालपणी अत्याचार सोसलेल्या तरुणावर काम असेल, तर माझी पसंती आयटीक्यूला आहे. अशांचा त्रास एका घटनेभोवती फिरत नाही, आणि 'सगळ्यात वाईट एकच घटना निवडा' असं सांगणं त्यांना कठीण जातं. मात्र आयसीडी-११ च्या निकषांनी पीटीएसडीचं प्रमाण सहसा डीएसएमपेक्षा कमी निघतं. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून 'प्रमाण घटलं' म्हणू नये.

मग काय घ्यावं

निदान हवं असेल, उपचाराची चाचणी असेल किंवा 'इतक्या टक्क्यांना आजार' असं विधान करायचं असेल, तर कॅप्स-५. सगळ्यांची मुलाखत शक्य नसेल तर सर्वांना पीसीएल-५ द्या आणि कटऑफच्या वरचे व खालचे असे दोन्हीकडचे काही जण निवडून त्यांची कॅप्स घ्या. खालचे वगळले तर कोण निसटलं ते कधीच कळत नाही. एकट्या विद्यार्थ्यालाही हे पेलतं, आणि माझ्या मते १५० नुसत्या प्रश्नावल्यांपेक्षा ६० प्रश्नावल्या आणि २० नीट मुलाखती असलेला प्रबंध अधिक मोलाचा आहे. मुलाखत शक्यच नसेल, तर पीसीएल-५ घेऊन 'लक्षणांची तीव्रता' एवढंच मोजल्याचं लिहावं. तेही पूर्णपणे प्रतिष्ठेचं संशोधन आहे.

कुठलंही साधन घ्या, नैराश्याचीही चाचणी सोबत ठेवा. रस वाटेनासा होणं, झोप उडणं, अपराधी वाटणं ही लक्षणं दोन्हीकडे आहेत आणि दोन्ही आजार अनेकदा एकत्र येतात.

घटनेला महिना झाला नसेल तर डीएसएमच्या निकषांनी पीटीएसडीचं निदान होऊच शकत नाही. पूर ओसरल्यावर दहाव्या दिवशी भरलेल्या पीसीएलला त्या अर्थाने आधार नाही.

मराठी आवृत्ती वापरणार असाल तर भाषांतर, दुसऱ्याकडून उलट भाषांतर आणि थोड्या लोकांवर चाचपणी, या पायऱ्या अहवालात मांडा. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवले असतील तर तेही नमूद करा, आणि त्या वेळी सासू, नवरा किंवा शेजारी खोलीत नव्हते याची खात्री करा. घरातल्या हिंसेबद्दल विचारताना हा केवळ संशोधनाच्या काटेकोरपणाचा प्रश्न नसतो, त्या बाईच्या जिवाचा असतो.

पहिला माणूस समोर बसण्याआधी एक कागद तयार असू द्या: प्रश्नांमुळे कोणी कोसळलं किंवा जीव द्यावासा वाटतो म्हणालं, तर त्याच दिवशी कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, तिथे कोण सोबत जाणार, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. हा कागद नसेल तर नैतिकता समितीने परवानगी दिली असली तरी काम सुरू करू नका.