कपाळावरच्या आठ्या आणि भुवयांमधलं '११': पट्टीपासून बोटॉक्सपर्यंत काय काय करून बघितलं

आधीच सांगतो, मी पुरुष, वय ४६, आणि हे सगळं सुरू झालं ते पोरीने काढलेल्या चित्रामुळे, त्यात माझ्या दोन भुवयांच्या मधे तिने दोन उभ्या रेघा मारलेल्या, विचारलं हे काय गं, तर म्हणे बाबा हे तुझं अकरा. नंतर कळलं की डॉक्टर लोकसुद्धा त्या रेघांना अकराच म्हणतात. म्हणजे माझ्या कपाळावर आडव्या आठ्या आणि खाली उभे अकरा, पाढेच लिहायचे बाकी होते.

तर गेल्या अडीच वर्षांत जे जे करून बघितलं त्याचा हा रिव्ह्यू. पण त्याआधी आरशासमोर उभं राहून एक गोष्ट बघा, जी मला कोणी सांगितली असती तर निम्मे पैसे वाचले असते. चेहरा एकदम सैल सोडा. रेघ गेली? मग ती स्नायूमुळे पडतेय, भुवया उचलल्या किंवा आक्रसल्या की येते, सोडल्या की जाते. सैल सोडूनही दिसतेच आहे? मग ती कातडीत बसलीय, कागदाची घडी उलगडली तरी खूण राहते ना तशी. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

रात्री लावून झोपायच्या त्या चिकटपट्ट्या: सकाळी कपाळ खरंच इस्त्री केल्यासारखं, दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी. वर गोंदाने पुरळ आलं ते वेगळंच. एखाद्या दिवशी फोटो काढायचा असेल तर ठीक.

रेटिनॉल आणि मग ट्रेटिनॉइन (दोन्ही अ जीवनसत्त्वाच्या जातीतली क्रीम, दुसरं जास्त कडक): हे जरा नीट लिहितो कारण याने फरक पडतो, फक्त आपल्याला हवा तोच पडेल असं नाही. ट्रेटिनॉइन डॉक्टरने लिहून दिलं, रोज रात्री वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे नाकाच्या बाजूने साल निघत होती, लाल तोंड घेऊन ऑफिसला जायचो. चार-पाच महिन्यांनी कपाळावरचं बारीक बारीक जाळं खरंच पुसट झालं, कातडी एकसारखी दिसायला लागली. अकरा मात्र जसंच्या तसं! कारण कातडी कितीही सुधारली तरी खालचा स्नायू दिवसातून शंभरदा तीच घडी घालतोय. दिवसा सनस्क्रीन लावायलाच लागतं नाहीतर काही अर्थ नाही, आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर या क्रीमच्या वाटेला जायचं नाही. मी अजून लावतो.

ग्लायकोलिक पील, म्हणजे सौम्य आम्ल लावून कातडीचा वरचा थर काढणं, तीन वेळा केलं, चमक आली, आठ्या राहिल्या. पुढे.

आता बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन. हे मुळात तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या त्रासासाठी वापरायचे, अमेरिकेत त्याला १९८९ साली मंजुरी मिळाली, आणि त्याच सुमारास कॅनडातल्या कॅरुथर्स नावाच्या डॉक्टर जोडप्याच्या लक्षात आलं की पेशंटच्या भुवयांमधल्या रेघाही जातायत. अकरासाठी मंजुरी २००२ ची, कपाळाच्या आडव्या रेघांसाठी थेट २०१७ ची. काम साधं आहे, नस स्नायूला 'आवळ' म्हणून जो रासायनिक निरोप देते तो सुटूच देत नाही. स्नायू गप्प बसतो, घडी पडत नाही. तीनचार महिन्यांत निरोप पुन्हा जायला लागतो आणि आपण पुन्हा खुर्चीत.

पहिल्यांदा माझं वाटोळं झालं. जागेचं नाव घेत नाही. मी म्हटलं आठ्या घालवा, त्यांनी फक्त आठ्यांवर भरपूर टोचलं, अकराला हातच लावला नाही. आठवडाभराने भुवया अशा खाली बसल्या की डोळ्यांवर छप्पर उतरल्यासारखं वाटायचं, लोक विचारायचे झोप झाली नाही का. कारण नंतर समजलं, कपाळाचा तो एकच स्नायू भुवया वर धरून ठेवतो, त्यालाच झोपवलं आणि खाली ओढणारे, म्हणजे अकरा पाडणारेच, मोकळे सोडले, मग काय होणार. म्हणूनच बोटॉक्सच्या कंपनीच्या माहितीपत्रकातसुद्धा कपाळाचे २० युनिट (युनिट म्हणजे डोसचं माप) अकराच्या २० युनिटसोबत द्यायचे असं आहे. आणि यावर उतारा इंजेक्शन नसतं, उतरेपर्यंत बसायचं वाट बघत. मी बसलो.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी दहा मिनिटं मला आरशासमोर राग करायला लावला, भुवया उचल, डोळे मीट, परत राग कर, पेन्सिलीने खुणा केल्या. अकरासाठी पाच ठिकाणी मिळून २० युनिट, कपाळाला अगदी थोडं आणि भुवयांपासून बरंच वर. मुंगी चावल्याइतकंच दुखलं. त्या दिवशी चोळायचं नाही, चार तास आडवं व्हायचं नाही. चौथ्या दिवशी राग येईना (म्हणजे चेहऱ्यावर येईना), दोन आठवड्यांनी पूर्ण असर. एका भुवईचं टोक जरा खलनायकासारखं वर चढलं होतं, तर फॉलो-अपला एक थेंब देऊन सरळ केलं. हा फॉलो-अप आहे का ते आधीच विचारून घ्या. आणि कुठलं औषध तेही विचारा, कारण युनिट सगळ्यांचे सारखे नसतात, डिस्पोर्ट नावाच्या दुसऱ्या ब्रँडचे अकरासाठीच ५० लागतात, त्यामुळे 'आमच्याकडे जास्त युनिट' याला काही अर्थ नाही. गरोदरपण, अंगावर पाजणं, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, यात घेऊ नये.

सैल चेहऱ्यावर डावी रेघ अजून पुसटशी दिसते, ती कातडीतली. म्हटलं फिलर (रेघेखाली टोचून भरायचं जेल) भरा, तर बाईंनी सरळ नाही म्हटलं, तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या वाहिनीला जोडलेल्या असतात, फिलर चुकून आत गेलं तर नजर जाऊ शकते, क्वचित होतं पण झालं की बहुतेकदा परत येत नाही. गिऱ्हाईक परत पाठवणारा डॉक्टर मला तिथेच आवडला. लेझरचा पर्याय होता, पण सावळ्या कातडीला काळे डाग राहण्याची भीती आणि आठवडाभर घरी बसणं, ते सध्या नको.

आता चौथा महिना चालूय, उजवी भुवई हलायला लागलीय. पुढच्या वेळी फक्त अकराचं करणार, आठ्या राहू देत, त्या नसल्या की पोरीला वाटतं तिचं कुठलंच बोलणं मला नवीन वाटत नाही.