सूडनाट्य वाचायला घेताय? ‘हॅम्लेट’ की ‘डचेस ऑफ माल्फी’

सूडाचं नाटक गटात मोठ्यानं वाचायचं आणि त्यात बायकांच्या वाट्याला नुसतं रडणं-मरणं नको, अशी अट असेल तर गाडी शेवटी दोन नावांवर येऊन थांबते. शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ आणि जॉन वेब्स्टरचं ‘द डचेस ऑफ माल्फी’. पहिलं 1600च्या आसपासचं, दुसरं 1613-14चं. नाटकमंडळी एकच, आणि रिचर्ड बर्बेज हा नटही एकच: त्यानं हॅम्लेट केला आणि पुढे डचेसचा भाऊ फर्डिनंडही. आमच्या वाचनगटात या दोन नाटकांवरून बरीच रस्सीखेच झाली. गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

‘हॅम्लेट’च्या बाजूनं पहिला मुद्दा सोयीचा, आणि तो लहान नाही. आगरकरांनी केलेलं ‘हॅम्लेट’चं भाषांतर, ‘विकारविलसित’, 1883चं. गणपतराव जोशांचा हॅम्लेट आपल्या रंगभूमीच्या इतिहासात जाऊन बसलाय. नाना जोगांचं भाषांतर आहेच, 2018मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा तरुण मंडळींनीही पाहिलं. ‘डचेस’साठी आम्हाला इंग्रजी संहितेवरच भागवावं लागलं. प्रत्येक प्रवेशाआधी कुणीतरी मराठीत गोषवारा सांगायचा आणि मग वाचन. वेब्स्टरची वाक्यं वाचणाऱ्याला ठेचकाळायला लावतात, हेही सांगून ठेवतो.

वेडाची वाटणी मात्र दोन्हीकडे बरोबर उलटी आहे, आणि निवड करताना खरा विचार इथून सुरू होतो. एल्सिनोरमध्ये, म्हणजे हॅम्लेटच्या राजवाड्यात, राजपुत्र वेडाचं सोंग घेतो आणि वेड लागतं त्याच्या प्रेयसीला, ओफिलियाला. सोंगाकडे सगळा दरबार डोळे लावून असतो. त्याच्यामागे मित्र लावले जातात, पडद्याआडून ऐकलं जातं, कारणांचा खल होतो. खऱ्या वेडाचा प्रवेश सुरू होतो तोच राणीच्या नकारानं: मी तिच्याशी बोलणार नाही. लोक भलतेसलते तर्क लढवतील म्हणून शेवटी तिला आत घेतात. ती गाते, फुलं वाटते. आठवणीसाठी रोझमेरी, पश्चात्तापासाठी सताप. व्हायोलेट द्यायची होती, पण वडील गेले तेव्हा ती सगळीच कोमेजली, म्हणते. हा प्रवेश कुणी मनापासून वाचला तर खोलीत कुणी चहाचा कपसुद्धा उचलत नाही, हे मान्यच करायला हवं.

माल्फीत वेड लागतं ते सूड घेणाऱ्या भावाला. विधवा बहिणीनं आपल्या कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न केलं म्हणून फर्डिनंड पेटतो. (घराण्याच्या अब्रूपायी बहिणीवर हात उचलणारे भाऊ ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.) तिलाही वेड लागावं म्हणून तो तिच्या दालनात वेड्यांचा जथा सोडतो. आठ वेडे तिच्यासमोर नाचतात आणि ती शुद्धीवर राहते, उलट शांतता आणि आपले विचार यांनीच मला वेड लागेल, हा गोंगाट परवडला, असं म्हणते. तिला मारल्यावर हाच फर्डिनंड स्वतःला लांडगा समजू लागतो. मध्यरात्री तो चर्चमागच्या गल्लीत सापडतो, खांद्यावर मेलेल्या माणसाचा पाय घेऊन. लांडग्याचे केस बाहेर असतात, माझे आत आहेत, असं तो सांगतो.

प्रेमाच्या बाबतीत ‘हॅम्लेट’ जरा हात आखडता घेतं, असं माझं मत. प्रेम झालं ते नाटकाआधी. आपल्यासमोर येतं ते पत्रं परत करणं, आणि तेही बाप आणि राजा आडोशाला उभे असताना. डचेस स्वतः मागणी घालते. अँटोनिओच्या लाल झालेल्या डोळ्यावर गुण येईल असं सांगत बोटातली अंगठी त्याच्या हाती देते, आणि तो बिचारा गोंधळतो. पुढे तिसऱ्या अंकात केस विंचरता विंचरता ती नवऱ्याशी बोलत असते. गंमत म्हणून तो आणि दासी कॅरिओला पाय न वाजवता बाहेर सटकतात. ती आरशाकडे बघत बोलतच राहते, केसांचा रंग बदलायला लागला का म्हणून, आणि मागे येऊन उभा असतो भाऊ. संसारातलं प्रेम, थट्टा आणि भीती एकाच प्रवेशात इतकी दाटीवाटीनं मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता मला खटकलेली गोष्ट. ओफिलिया बुडते ती पडद्याआड, राणीच्या तोंडून आपण ते ऐकतो. थडग्यात उडी मारून हॅम्लेट चाळीस हजार भावांहून जास्त प्रेम केल्याचं ओरडून सांगतो. आणि लगेच पुढच्या, शेवटच्या प्रवेशात तिचं नाव एकदाही निघत नाही. हॅम्लेट तिच्या भावाची, लेअर्टिसची, माफी मागतो, आपल्या मित्राला, होरेशियोला, सांगतो की त्याच्या दुःखाच्या प्रदर्शनानं माझा तोल गेला. दुःख कुणासाठी, ते राहूनच जातं. एरवी एकट्यानं वाचताना हे निसटतं. गटात निसटत नाही, कारण ओफिलिया वाचणारी समोरच संहिता मिटून बसलेली असते. आमच्या गटातल्या एका ताईंनी तो शेवटचा प्रवेश संपल्यावर विचारलं, “म्हणजे मी होते की नव्हते?” माझा कौल त्या वेळी फिरला. कुणी म्हणेल, हीच तर शेक्सपिअरची शोकांतिका, दरबाराला तिचं काही पडलेलं नाही हेच दाखवायचंय. असेलही. मला ते दरवेळी टोचतं, एवढंच.

न्यायाचं बोलायचं तर डचेसही चौथ्या अंकातच जाते आणि पाचवा अंक तिच्याविना लंगडतो. प्रेतं इतकी पडतात की वाचणारे हसू लागतात. मेणाच्या पुतळ्यांचा प्रसंग आणि अंधारात हाती दिलेला प्रेताचा हात हेही आज जरा भडकच वाटतं. शिवाय मुलांची (मेणाची) प्रेतं पाहून झाल्यावर, फास गळ्याभोवती यायच्या बेताला ती कॅरिओलाला सांगते, धाकट्याला सर्दीचं औषध दे आणि मुलीला निजण्याआधी प्रार्थना म्हणायला लाव. ही विसंगती कुणीतरी काढणारच. काढू द्या. ते वाक्य वाचताना आवाज नीट लागला तर विसंगतीचा मुद्दा मागे पडतो, असा अनुभव आहे. आणि पाचव्या अंकात निदान तिच्या थडग्यातून प्रतिध्वनी येतो, नवऱ्याला सावध करतो. फर्डिनंडचं वेड, तिच्या दुसऱ्या भावाची, कार्डिनलची तगमग, भावांच्या हुकमावरून तिला मारवणाऱ्या बोसोलाचं उलटणं, सगळं तिच्या मरणाभोवतीच फिरत राहतं.

गटात नवखे जास्त असतील, मराठीतूनच वाचायचं असेल, किंवा एखादा तरुण हॅम्लेटच्या स्वगतांसाठी कधीचा आसुसलेला असेल, तर ‘हॅम्लेट’ घ्या, पस्तावणार नाही. बायका निम्म्याहून अधिक असतील आणि इंग्रजीशी थोडी झटापट चालत असेल, तर मी ‘डचेस’ सुचवेन. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर पहिल्या अंकातली मागणी, तिसऱ्या अंकातला आरसा आणि चौथ्याचा दुसरा प्रवेश, एवढ्यावर भागतं. पूर्ण वाचणार असाल तर प्रतिध्वनी डचेस वाचणारीलाच द्या, म्हणजे ती शेवटपर्यंत संहिता उघडी ठेवून बसते. कॅरिओला मात्र नवखीला देऊ नका. मालकीण गुडघे टेकून शांतपणे मरते, आणि ही चावते, ओरबाडते, लग्न ठरलंय म्हणते, पोटात मूल आहे म्हणते. तिची वाक्यं मोजकीच, पण ती घाईत वाचली गेली की तो प्रवेश बसत नाही.